क्लस्टरकाका

भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पुण्यात, एखादा गृहस्थ हातविणीचा स्वेटर घालून आणि कानांना मफलर गुंडाळून टपरीवर चहा पीत उभा दिसला, तर त्याला थंडीताप आलाय असं समजू नये. तो बहुधा क्लस्टरकाका असतो. ज्या गावात पावसापासून दीर्घिकांपर्यंत आणि रेणूंपासून जनुकांपर्यंत सगळ्यावर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत, त्या गावात ही जमात मुबलक आढळते. संस्थेच्या तळमजल्यावर एक खोली असते. खोलीत अठरा अंशांचा गारठा, गारठ्यात काळ्या कपाटांच्या रांगा, कपाटांत एकमेकांना जोडलेले शेकडो संगणक, आणि त्या रांगांतून हात मागे बांधून फिरणारा हा स्वेटर. तिथल्या पंख्यांचा आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. जन्मभर हे केल्यामुळे काका सगळीकडेच ओरडून बोलतात. बँकेत, नाटकाच्या मध्यंतरात, आणि एकदा तर एका शोकसभेत 'किती वेळ चालेल हो हे?' असं शेजाऱ्याला हळूच विचारून त्यांनी वक्त्याला खाली बसवलं होतं.

काकांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे. ते दुसरीकडे कुठे वापरात नाही. पीएचडीची पोरं त्यांना काका म्हणतात, प्राध्यापक काका म्हणतात, संचालकही काकाच म्हणतात. आणि संचालक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

काकांच्या पिढीचा इतिहास 1988 पासून सुरू होतो. क्रे कंपनीचा महासंगणक हवा तसा द्यायला अमेरिकेने आढेवेढे घेतले, मग पुण्यात सी-डॅक निघालं, आणि विजय भटकरांच्या हाताखाली तरुण पोरांनी 1991 साली 'परम 8000' उभा करून दाखवला. काकांनी त्या मशीनला हात लावलेला आहे. पुण्यात त्या वयाच्या आणि त्या धंद्यातल्या प्रत्येकाने लावलेला आहे. सांगितले जातात तेवढे हात खरोखर लागले असते, तर त्यातले चौसष्ट प्रोसेसर पहिल्याच महिन्यात झिजून गेले असते. पुढे 2007 साली टाटांचा 'एका' जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा आला, तोही पुण्यातच. 'जगात चौथा! पुण्यात! आणि तुमचे हे क्लाउडवाले तेव्हा पुस्तकं विकत होते,' असं काका म्हणतात. अ‍ॅमेझॉनने संगणक भाड्याने द्यायला 2006 सालीच सुरुवात केली होती, पण हे काकांच्या तोंडावर सांगायची कुणाची प्राज्ञा नाही. 2018 साली पाषाणच्या हवामान संस्थेत 'प्रत्युष' आला, सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी करणारा. 2024 साली त्याच्या जवळपास तिप्पट ताकदीचा 'अर्क' आला. काका दोन्ही वेळा बघायला गेले आणि दोन्ही वेळा फक्त केबली कशा बांधल्यात यावर बोलत परत आले.

काकांची सत्ता रांगेत आहे. मशीन एक आणि मागणारे तीनशे, त्यामुळे प्रत्येकाने आपला जॉब रांगेत टाकायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. कुणाला आधी सोडायचं हे स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर ठरवतं. स्लर्म ते कशावरून ठरवतं हे कुणालाही नीट उमगलेलं नाही. कशावरून ठरवायचं हे त्याला काकांनी सांगून ठेवलंय, एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. शोधनिबंधाची मुदत जवळ आली की वरच्या मजल्यांवरून तळमजल्याकडे चकल्यांचे डबे, देवगडच्या पेट्या, कोल्हापूरहून आलेला गूळ यांची ये-जा वाढते. काका सगळं खातात आणि रांग तसूभर हलवत नाहीत. कुणाचा प्रबंध अडलाय, कुणाचं गाइडशी बिनसलंय, लग्न ठरल्यापासून कोण रात्रीचे जॉब टाकत नाही, हे त्यांना लॉग बघून कळतं. ते कुणाला सांगत नाहीत. म्हणजे सांगतात, पण त्यांना वाटतं की ते हळू आवाजात सांगतायत.

मशीनवर लॉगिन केलं की पडद्यावर पहिल्यांदा काकांचा मजकूर उमटतो. पुण्यातल्या भिंती भरल्यावर उरलेली पाटीविद्या इथे आलेली आहे:

'लॉगिन नोड हा लॉगिन करण्यासाठी आहे. इथे प्रोग्राम चालवल्यास तो न विचारता मारण्यात येईल. नंतर चौकशीस येऊ नये.'

'स्क्रॅचमधील फायली तीस दिवसांनी पुसल्या जातात. एकतिसाव्या दिवशी रडल्यास परत येत नाहीत. (अनुभव आहे.)'

'पासवर्ड विसरल्यास मंगळवारी 11 ते 11.30 या वेळेत भेटावे. कारण सांगत बसू नये.'

केरळची आणि बंगालची पोरं मराठी इथूनच शिकतात. त्यामुळे त्यांचं मराठी अतिशय शुद्ध आणि थोडं अपमानास्पद असतं.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एक दिवस आमच्या संस्थेचे संचालक कुठल्याशा परिषदेहून परतले ते क्लाउड घेऊनच. त्यांचंही चूक नव्हतं. मशीन म्हातारं झालं होतं, देखभालीचा करार संपला होता, सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवं घ्यायचं तर समिती, उपसमिती, निविदा, फेरनिविदा. ते येऊन चालू होईपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य कागदावरच सरणार. त्यापेक्षा लागेल तेव्हा लागेल तेवढे संगणक भाड्याने घ्या, काम झालं की सोडून द्या, असा साधा हिशेब होता. साधा हिशेब पुढे मांडला की काका खिशातून चष्मा काढतात.

कंपनीकडून एक तरुण आला. हुद्दा सोल्यूशन आर्किटेक्ट, टी-शर्टवर कंपनीचं चित्र, आणि बोलण्यात 'सर' हा शब्द स्वल्पविरामाच्या जागी. पाव तासात दहा हजार कोअर उभे करून देतो म्हणाला. सगळे माना डोलावत होते. काकांनी पहिला प्रश्न टाकला.

"खोली कुठेय?"

"सर, मुंबईत. नेमका पत्ता आम्ही सर, कुणाला देत नाही."

"म्हणजे आम्हाला मशीन बघता येणार नाही."

"सर, बघायची गरजच पडत नाही."

"मग पंख्याचा आवाज बदलला तर आम्हाला कळणार कसं?"

तरुण हसला. बाकी कुणी हसलं नाही, कारण काकांनी बाहेरच्या व्हरांड्यातून जाता जाता 'सातव्या कपाटातला तिसरा चाललाय' असं म्हणावं आणि तासाभरात तो नोड खरंच बंद पडावा, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

दुसरा प्रश्न जोडणीचा होता, आणि खरं सगळं तिथेच होतं. आमच्याकडे चालणारं सगळ्यात मोठं काम पावसाच्या अंदाजाचं. त्यात नकाशा चौकोनांत चिरतात आणि एकेक चौकोन एकेका प्रोसेसरच्या पदरात घालतात. प्रत्येकाने आपल्या चौकोनातल्या वाऱ्याची, ओलीची, तापमानाची पुढच्या काही सेकंदांची आकडेमोड करायची आणि मग कडेचे आकडे चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना कळवायचे, कारण वारा चौकोनाची हद्द मानत नाही. शेजाऱ्यांचे आकडे हाती आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. एका दिवसाच्या अंदाजात अशी हजारो पावलं असतात. म्हणजे प्रोसेसर कितीही चपळ असला तरी निरोप सावकाश पोचत असतील तर सगळा वेळ वाट बघण्यात जातो. काकांच्या मशीनमध्ये इन्फिनीबँडची जोडणी होती, निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचायचा. साध्या जाळ्यावर त्याला कित्येक पट वेळ लागतो.

काकांनी हे असं समजावलं: "ही पंगत आहे. शेवटच्या माणसाचा ताकभात संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सहाशे पानं मांडलीत आणि त्यात एक जण सावकाश जेवणारा निघाला, तर पाचशे नव्याण्णव जण हात वाळवत बसणार. आणि तुमचं भाडं सहाशेंचं चालू! तुमचा धंदा बुफेचा. ज्याने त्याने ताट घ्यावं, जमेल तेव्हा जेवावं, आहेर देऊन निघावं. तिथे कोण कुणासाठी थांबत नाही. बुफेची कामं असतील तर न्या खुशाल. पंगत नेऊ नका."

समांतर गणनावरची जाड पुस्तकं वाचलेल्या माझ्यासारख्याला कबूल करावं लागतं की त्या पुस्तकांत यापेक्षा फार जास्त काही नाही.

मग काकांनी पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेला एक ठोकळा काढला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2009 ते 2011 या काळात 3.2 कोटी डॉलर खर्चून 'मॅगेलन' नावाचा प्रकल्प चालवला होता. विज्ञानाची मोठी गणितं क्लाउडवर चालवून बघायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं, असं त्याचं काम. निष्कर्ष असा निघाला होता की सुटी सुटी कामं बरी चालतात, एकमेकांशी सतत बोलणारी कामं रखडतात, आणि भरलेल्या, राबत्या महासंगणक केंद्रापेक्षा बाजारातला क्लाउड कित्येक पट महाग पडतो. काकांच्या प्रतीत ओळी न् ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. एका पानावर हळदीचा डाग होता, म्हणजे हे पारायण जेवतानाही चालत असावं.

तरुणाने मुखपृष्ठ पाहिलं. "सर, पण हा रिपोर्ट 2011चा आहे."

"ज्ञानेश्वरी 1290ची आहे," काका म्हणाले.

पण पोरगा कच्चा नव्हता. तो म्हणाला, सर, तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलंय. अ‍ॅमेझॉनने खास अशा कामांसाठी स्वतःची वेगवान जोडणी काढलीय. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधलं एक मशीन 2021च्या नोव्हेंबरात पहिल्या पाचशेंच्या यादीत दहावं आलं, 2023च्या नोव्हेंबरात त्यांचंच 'ईगल' तिसरं आलं. आणि सर, ब्रिटनचं हवामान खातं, तेसुद्धा आता त्यांच्याकडेच गेलंय.

'हवामान खातं' म्हटल्यावर काका जरा सावध झाले. "ब्रिटनचं? आत काय बसवलंय?"

"सर, त्या खात्यासाठी वेगळं, राखीव मशीन आहे."

"बनावट कुणाची?"

"सर... क्रे."

काका एवढे खूष झाले की त्यांनी मफलर सोडला. "म्हणजे क्रेच! आणि ते तुमचं तिसरं आलेलं, त्याची जोडणी?"

"इन्फिनीबँड, सर."

"म्हणजे मशीन आमचंच. फक्त खोली तुमची, आणि आम्हाला आत यायला बंदी."

त्या दिवशी जिंकलं कोण, यावर कँटीनमध्ये बरेच दिवस वाद चालला. माझं मत असं की दोघेही एकच गोष्ट सांगत होते. पंगत बसवायची तर क्लाउडलाही शेवटी जाजमं अंथरावीच लागली. फरक उरला तो जागेचं भाडं कोण, कसं आणि कधी भरतं याचा. आणि तो प्रश्न सुटायचा होता पहिल्या मजल्यावर, हिशेब खात्यात.

क्लाउडला खरा विरोध काकांनी केलाच नाही, तो हिशेब खात्याने केला. सरकारी खरेदीचे नियम वस्तू विकत घेण्यासाठी लिहिलेले असतात. वस्तू येते, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर पडतो, ती डेडस्टॉक रजिस्टरला चढते, दरवर्षी कुणीतरी येऊन ती जागेवर आहे का बघून जातं, आणि पंधरा वर्षांनी ती भंगारात काढायला पुन्हा एक समिती बसते. क्लाउड यातल्या एकाही रकान्यात बसेना.

"नग किती?" हिशेब खात्यातल्या बाईंनी विचारलं.

"गरजेप्रमाणे."

"गरजेप्रमाणे हा आकडा नाहीये."

"मॅडम, कधी दोन, कधी दोन हजार."

"वस्तू ठेवण्याचं ठिकाण?"

"मुंबई."

"आपलं मुंबईत ऑफिस नाही. मग वस्तू दुसऱ्याच्या जागेत ठेवल्याबद्दल परवानगीचं पत्र लागेल. सद्यस्थिती? चालू की बंद?"

"मॅडम, ते मिनिटामिनिटाला बदलतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि नंबर कुठे घालायचा? लेखापरीक्षकांना काय दाखवू, आकाश?"

शिवाय मार्चअखेर होती. उरलेले पैसे 31 तारखेच्या आत संपवायची आमची परंपरा जुनी आहे. त्यापायी तळमजल्यावर कुणीही न मागितलेले तीन यूपीएस ओळीने उभे आहेत. पण क्लाउड मार्चमध्ये घेऊन जुलैत वापरायला ठेवायचा कसा, हे कुणाला सांगता येईना. तरुण रडकुंडीला आला. शेवटी काका जिना चढून आले. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि बाईंना विचारलं, "विजेचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकता?" बाईंनी शीर्ष सांगितलं. "हेही तिथेच घाला. नग नाही, नंबर नाही, महिन्याचं बिल. संपलं." हा विषय जिथे चार बैठकांत सुटला नव्हता तिथे तो मिनिटभरात सुटला. क्लाउड आमच्या संस्थेत आला तो काकांच्या खांद्यावरून, हे लक्षात आल्यावर ते स्वतःच चपापले आणि चहा न घेताच खाली गेले.

त्यानंतर सामान हलवायची वेळ आली, आणि कळलं की सामान हलवता येत नाही. आमचे प्रोग्राम फोरट्रानमधले. त्यातले काही अशा शास्त्रज्ञांनी लिहिलेत की ते निवृत्त होऊन त्यांची नातवंडं आता फोरट्रान न शिकता इंजिनिअर झाली. आतल्या सूचना 'इथे हात लावू नये' एवढ्याच. एक प्रोग्राम एका ठरावीक लायब्ररीच्या ठरावीक आवृत्तीवरच चालायचा, नव्या आवृत्तीवर चालायचा पण पाऊस अरबी समुद्राऐवजी राजस्थानात पाडायचा. कुठल्या प्रोग्रामला कुठला कंपायलर, कुठला झेंडा लावायचा आणि कुठला मुळीच लावायचा नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे एकाच ठिकाणी होतं: काकांच्या दोनशेपानी वहीत, निळ्या शाईत, मधूनमधून किराण्याच्या याद्यांसकट.

"सर, आपण सगळं कंटेनरमध्ये घालू," तरुण म्हणाला. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं चंबूगबाळं एका फायलीत बांधायचं आणि कुठेही नेऊन उघडायचं, ही कल्पना काकांना पटली. पण डॉकर म्हटल्याबरोबर ते बिथरले, कारण तो चालवायचा तर वापरणाऱ्याला जवळजवळ मालकाचे अधिकार द्यावे लागतात, आणि काकांनी हे अधिकार संचालकांनाही दिलेले नाहीत. तरुणाने खुलासा केला की जगभरच्या महासंगणक केंद्रांत हेच घडलं होतं. तिथल्या मंडळींनीही डॉकरला दारातून परत पाठवलं, म्हणून 2015 साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत 'सिंग्युलॅरिटी' नावाचा वेगळा कंटेनर तयार झाला, ज्यात पाहुण्याला मालकी मिळत नाही. अमेरिकेतही आपल्यासारखीच माणसं आहेत हे ऐकून काकांचं अमेरिकेबद्दलचं मत पहिल्यांदाच सुधारलं. पुढे दोघं दिवाळीपर्यंत वही उघडून बसले. तरुणाचा 'सर' कधी गळला आणि तो 'काका' कधी म्हणायला लागला ते त्यालाही कळलं नाही. काका मात्र पहिल्या दिवसापासून त्याला 'अरे बाळा' म्हणत होते, फक्त तेव्हा त्यात प्रेम नव्हतं.

स्पॉटचा किस्सा याच काळातला. क्लाउडवर काही संगणक फार स्वस्तात मिळतात, अट एवढीच की जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की कंपनी ते काढून घेते. अ‍ॅमेझॉन दोन मिनिटं आधी सांगतं, गूगल तीस सेकंद. तरुण फळ्यावर चित्रं काढून समजावत होता की यासाठी सगळी विचारपद्धतीच बदलायला हवी. मशीन कधीही जाऊ शकतं हे धरून चालायचं, केलेलं काम ठरावीक वेळाने साठवून ठेवायचं, पुन्हा मशीन मिळालं की तिथूनच पुढे सुरू करायचं.

"दर किती मिनिटांनी साठवायचं?" काकांनी विचारलं.

"साधारण अर्ध्या तासाने, सर."

"आमचे सगळे प्रोग्राम वीस मिनिटांनी साठवतात. 2005 पासून."

तरुणाचा खडू थांबला. "एवढ्या आधीपासून? का?"

"भारनियमन!" काका गरजले. "आणि दर गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद. यूपीएस होता अकरा मिनिटांचा. ज्याने रीस्टार्ट फाइल लिहायची सोय केली नाही त्याला मी मशीनवर चढूच दिलं नाही. दोन मिनिटं आधी सांगतात म्हणतोस? आम्हाला कुणी सांगितलं नाही बाबा कधी."

अ‍ॅमेझॉनच्या सिॲटलमध्ये जो धडा शोधनिबंध लिहून शिकवला जातो तो महाराष्ट्रात अंधारात बसून शिकला गेला होता. आमचं सगळ्यात जुनाट वाटणारं सामान स्पॉटवर पहिल्याच दिवशी विनातक्रार चाललं. नव्या पोरांचे पायथनमधले देखणे प्रोग्राम मात्र दोन मिनिटांच्या नोटिशीवर पटापट मेले.

आणि बुफे? तो झकास चालला, हे काकाही नाकारत नाहीत. नांदेडची एक मुलगी एका प्रथिनात कुठला रेणू बसतो ते शोधत होती. हजारो रेणू, प्रत्येकाचं गणित वेगळं, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. आमच्या रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत तिची फेलोशिप संपली असती. क्लाउडवर तिने संध्याकाळी काम टाकलं आणि सकाळी पोहे खाता खाता उत्तरं वाचली. काकांनी मग स्वतःच आइसक्यूबची हकीकत शोधून काढली. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात पुरलेल्या त्या न्यूट्रिनोच्या वेधशाळेसाठी 2019च्या नोव्हेंबरात सॅन दिएगो आणि विस्कॉन्सिनच्या लोकांनी क्लाउडच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे, जगभर विखुरलेले, 51 हजारांवर जीपीयू एकदम भाड्याने घेतले, बर्फातून प्रकाश कसा जातो याचं गणित काही तास दणकून चालवलं आणि सगळे परत करून टाकले. "एवढे जीपीयू विकत घेतले असते तर ठेवले असते कुठे?" काका म्हणाले. आणि लगेच सावरून, "पण बुफे हां. निव्वळ बुफे."

पुढे बिल आलं. एक विद्यार्थी गणपतीला गावी जाताना आठ जीपीयूंची मशीनं चालू ठेवून गेला. काम कधीच संपलं होतं. मशीनं गौरी-विसर्जनापर्यंत रिकामी गरगरत होती, आणि मीटर रिकाम्या मशीनचंही पडतं. त्यात दुसऱ्या एकाने हवामानाचे वीस टेराबाइट आकडे क्लाउडवरून घरी आणले. माहिती आत न्यायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात, ही गोष्ट दरपत्रकात असते, पण दरपत्रक कोण वाचतो? मुंबईतून बाहेर काढायचा तेव्हाचा भाव जीबीला आठ-नऊ रुपयांच्या घरात होता, म्हणजे वीस टेराबाइटचे दीड लाखाच्या वर. त्यापेक्षा मुलगा हार्डडिस्क घेऊन इंद्रायणी एक्सप्रेसने गेला असता तर स्वस्त पडलं असतं, असं कुणीसं म्हणालं. यात विनोद वाटत असेल तर अ‍ॅमेझॉनने 2016 साली माहिती वाहून न्यायला चक्क एक ट्रक काढला होता, 100 पेटाबाइट मावतील असा. तोही आत आणण्यासाठीच.

बिल बघून संचालकांनी काकांना बोलावलं. काकांनी चष्मा लावला, बिल तीनदा वाचलं आणि म्हणाले, "किल्ल्या माझ्याकडे द्या."

आज क्लाउडचा कारभार काकांकडे आहे. घरातून निघताना प्रत्येक खोलीचा पंखा बंद आहे का ते दोनदा बघणारा हा माणूस. त्याच्या हाती मिनिटावर बिल पडणारी वस्तू आली. ते सकाळी आधी बिलाचा आलेख उघडतात, मग वर्तमानपत्र. दहा मिनिटं रिकामं बसलेलं मशीन त्यांची स्क्रिप्ट आपोआप मारते. निकाल बाहेर आणायचे नाहीत. चित्रं तिथेच काढायची आणि फक्त चित्रं आणायची, असा दंडक आहे. पंगतीची कामं जुन्या मशीनवर, ते मरेपर्यंत, बुफे क्लाउडवर. आणि सगळ्यात वर त्यांनी पुन्हा स्लर्म बसवलाय, कारण मशीनं हवी तेवढी असली तरी ग्रँट हवी तेवढी नसते. क्लाउडवर लॉगिन केलं की आता हे दिसतं:

'मशीन सोडताना बंद करावे. हे तुमच्या तीर्थरूपांचे नाही, आणि आमच्याही नाही.'

'शुक्रवारी संध्याकाळी जॉब टाकून सिंहगडावर जाऊ नये.'

'सर्व काही स्वस्त आहे, असे कंपनी म्हणते. बिल आम्ही वाचतो.'

कंपनीतला तो तरुण हल्ली दुसऱ्या संस्थांत जाऊन हीच व्यवस्था आपली म्हणून दाखवतो, असं ऐकतो. काकांना त्याचं काही वाटत नाही. पाट्यांचं भाषांतर तो नीट करत नाही एवढीच त्यांची तक्रार आहे.

परवा ती नांदेडची मुलगी तळमजल्यावर आली. हातात डबा होता.

"काका, क्लाउडमध्ये मशीनं अमर्याद असतात ना?"

"असतात."

"मग माझा जॉब तीन दिवस पेंडिंग का दाखवतंय?"

"मशीन आहे गं. तुझ्या गाइडच्या खात्यात अठराशे रुपये आहेत."

"मग आता?"

"रांगेत राहा. एप्रिलमध्ये पैसे येतील."

तिने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण थोडं उघडून काकांच्या बाजूला सरकवला. घरच्या भाजणीच्या चकल्या होत्या. काकांनी एक उचलली, मोडली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली.

"उत्तम झाल्यात," ते ओरडले. "एप्रिल."